खाल्लेलं अंगी का लागत नाही? व्हिटॅमिन आणि मिनरल्सचा हिशोब सोप्या भाषेत

हिमोग्लोबिन ९ आलं की आपल्याकडे लगेच बीट, डाळिंब, खजूर, गूळ-शेंगदाणे आणि पालक सुरू होतो. दोन-तीन महिने मन लावून खाल्लं जातं, मग परत रक्त तपासतात आणि आकडा येतो ९.२. बाई म्हणते माझ्या अंगालाच काही लागत नाही, आणि घरातले म्हणतात तू नीट खातच नसशील. मला या बाईची बाजू घ्यायची आहे, कारण ती बरोबर बोलतेय. कशात काय असतं याच्या याद्या सगळीकडे मिळतात पण त्यातलं किती आतड्यातून रक्तात जातं, कशामुळे अडतं आणि कशामुळे वाढतं हे फार कमी सांगितलं जातं, आणि खरा घोळ तिथेच आहे.

हा काही चार-दोन घरांचा प्रश्न नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला, म्हणजे निम्म्याहून जास्त, आणि ५ वर्षांखालच्या मुलांमध्ये तर हे प्रमाण ६९ टक्क्यांच्या आसपास. त्यामुळे बाकी सगळ्याच्या आधी लोहाबद्दल सविस्तर बोलू आणि मग इतरांकडे जाऊ.

त्याआधी थोडं मूळ. व्हिटॅमिन एकूण १३: ए, सी, डी, ई, के आणि बी गटातली ८. यातली ए, डी, ई, के ही चार तेला-तुपात विरघळतात आणि शरीरात साठून राहतात, म्हणून रोज नाही मिळाली तरी काही काळ चालतं पण गोळ्या घेऊन अति झाली तर बाहेरही लवकर पडत नाहीत. सी आणि बी गटातली पाण्यात विरघळतात, जास्तीची बहुतेक लघवीतून जातात, म्हणून ती नियमित पोटात जायला हवीत (बी-१२ याला अपवाद, त्याचं पुढे सांगते). मिनरल्स म्हणजे लोह, कॅल्शियम, झिंक, आयोडीन, मॅग्नेशियम, पोटॅशियम वगैरे जमिनीतून आणि पाण्यातून येणारी द्रव्यं, ती शिजवून नष्ट होत नाहीत. यातलं शरीर स्वतः जवळजवळ काहीच बनवत नाही, डी तेवढं उन्हात बनतं, म्हणून बाकीचं खाण्यातूनच यावं लागतं.

आता लोह. लोहाचं मुख्य काम रक्तातून ऑक्सिजन वाहून नेणं, म्हणून ते कमी पडलं की जिना चढताना धाप लागते, पाय ओढतात, केस गळतात, थंडी जास्त वाजते, लक्ष लागत नाही, काहींना माती, खडू किंवा बर्फ खावासा वाटतो. प्रौढ बाईला रक्तात रोज साधारण २ मिलिग्रॅमच्या आसपास लोह नव्याने जायला लागतं, पाळीमुळे पुरुषापेक्षा जास्त. पण हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये दिलेली शिफारस बघितली तर बाईसाठी रोज २९ मिलिग्रॅम आणि पुरुषासाठी १९. दोन लागतंय तर एकोणतीस का खायचं? कारण आपल्या धान्य-डाळी-भाज्यांच्या जेवणातलं लोह शंभरातलं दहासुद्धा धड आत जात नाही. हे एक गणित समजलं की पुढचं सगळं समजतं.

मटण, मासे, चिकन, कलेजी यातलं काही लोह वेगळ्या रूपात असतं, ते सहज शोषलं जातं आणि सोबतच्या डाळ-भाजीतलं लोहही थोडं जास्त आत घेऊन जातं. वनस्पतींमधल्या लोहाला मात्र खूप अडथळे असतात. सगळ्यात मोठा अडथळा चहा. जेवणासोबत किंवा जेवल्या-जेवल्या चहा घेतला तर त्यातले टॅनिनसारखे घटक लोहाला धरून ठेवतात आणि शोषण निम्म्याहून जास्त घटू शकतं, कॉफीनेही घटतं, ग्रीन टी आहे म्हणून सूट नाही. दुसऱ्या बाजूला व्हिटॅमिन सी, म्हणजे लिंबू, पेरू, आवळा, कच्चा टोमॅटो, कोथिंबीर, हे त्याच घासासोबत पोटात गेलं तर शोषण दुप्पट-तिप्पट होऊ शकतं. आता सकाळचा नाश्ता डोळ्यासमोर आणा, कांदेपोह्यांवर लिंबू पिळलंय आणि बाजूला वाफाळता चहा. लिंबाने जे मिळवलं त्यातलं बरंचसं चहाने घालवलं. चहा सोडा असं मी म्हणणार नाही, कोणी सोडणारही नाही, फक्त तो खाण्याच्या तासभर आधी किंवा तासभर नंतर घ्या. ज्या बाईचं हिमोग्लोबिन कमी आहे तिच्यासाठी हा बदल बिटाच्या ज्यूसपेक्षा जास्त कामाचा आहे आणि त्याला एक पैसा लागत नाही.

बिटाचा विषय निघालाच आहे तर, बीट लाल आहे म्हणून रक्त वाढवतं हा समज फार घट्ट बसलाय. १०० ग्रॅम बिटात जेमतेम १ मिलिग्रॅम लोह, डाळिंबात त्याहूनही कमी. दोन्ही पदार्थ चांगले आहेत, जरूर खा, पण रक्तासाठी त्यांच्यावर भरवसा ठेवू नका. त्यापेक्षा बाजरी, मटकी, हुलगे, मसूर बघा, कच्च्या वजनाच्या १०० ग्रॅमला साधारण ६ ते ८ मिलिग्रॅम. गुळात लोह असतं पण आपण खडाभर गूळ खातो, त्यातून मिळणार ते अगदी थोडं, आणि वाटीभर गूळ खाल्ला तर साखर किती जाईल? अळिवाच्या लाडवात लोह चांगलं असतं, बाळंतिणीला देतात ते उगाच नाही, पण लाडवावर लगेच चहा नको.

धान्य-कडधान्यात फायटेट नावाचं एक द्रव्य असतं तेही लोह, झिंक, कॅल्शियमला अडकवून ठेवतं. आणि याच्यावर आपल्या स्वयंपाकघरात पूर्वीपासून उपाय आहे: भिजवणं, मोड आणणं, आंबवणं. मोड आले की फायटेट कमी होतं आणि वर थोडं व्हिटॅमिन सी सुद्धा तयार होतं. म्हणजे मोड आलेल्या मटकीची उसळ, वरून लिंबू, सोबत बाजरीची भाकरी, हे जेवण कुठल्याही महागड्या हेल्थ ड्रिंकला मागे टाकतं असं माझं स्पष्ट मत आहे. लोखंडी कढई-तव्याचाही खरंच उपयोग होतो, त्यात टोमॅटो, चिंच, आमसूल असं आंबट शिजलं की थोडं लोह पदार्थात उतरतं. नॉनस्टिकमधून अर्थातच काही उतरत नाही.

पण हिमोग्लोबिन ८-९ वर गेलं असेल तर नुसत्या खाण्याने ते भरून यायला फार वेळ लागतो, तिथे गोळ्याच लागतात आणि त्या नीट घ्याव्या लागतात. पाण्यासोबत किंवा लिंबूपाण्यासोबत, दूध-चहासोबत नाही. कॅल्शियमची गोळी आणि लोहाची गोळी एका वेळी नको, एक सकाळी एक रात्री, गरोदरपणात दोन्ही चालू असतात तेव्हा हे हमखास चुकतं. शौचाला काळं होणं नॉर्मल आहे, घाबरून बंद करू नका. मळमळ होत असेल तर जेवणानंतर घ्या किंवा डॉक्टरांकडून गोळी बदलून घ्या. आणि आकडा १२ झाला की लगेच थांबू नका, कारण रक्तातलं भरलं तरी शरीरातला साठा रिकामाच असतो, तो भरायला साधारण अजून तीन महिने लागतात. शाळेत मुलामुलींना आठवड्याला जी निळी गोळी देतात ती लोह आणि फॉलिक ॲसिडचीच, ती बाकाखाली टाकू नका म्हणून मुलांना समजावून सांगा. जंताची गोळीसुद्धा याच्याशीच जोडलेली, कारण हुकवर्म आतड्यात बसून रक्त पितो, मग कितीही खाऊन उपयोग काय.

एक मात्र लक्षात ठेवा, प्रत्येक रक्तक्षय लोहाचा नसतो. विदर्भात, गडचिरोली-नंदुरबारकडे सिकल सेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, काही समाजांमध्ये तसाच आनुवंशिक थॅलेसेमिया मायनर आहे, तिथे फेरिटिन न तपासता वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या घेत राहणं बरोबर नाही. फेरिटिन म्हणजे साठ्याची तपासणी, ती एकदा करून घ्याच.

आणि हे लिहिताना एक गोष्ट राहवत नाही म्हणून सांगते. अजून कित्येक घरांत बाई सगळ्यांना वाढून शेवटी जेवते, तोवर उसळ संपलेली असते, लिंबाची फोडही उरलेली नसते, मग उरलेला भात आणि वर चहा. ज्या व्यक्तीला घरात सगळ्यात जास्त लोह लागतं तिच्याच ताटात सगळ्यात कमी येतं. वेळेला सोबत बसून जेवणं हासुद्धा रक्तक्षयावरचा उपायच आहे.

रक्त बनायला नुसतं लोह पुरत नाही, फोलेट म्हणजे बी-९ आणि बी-१२ पण लागतात. फोलेटचा शोध तर आपल्या मुंबईशी जोडलेला आहे. १९२८ मध्ये ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या, हाफकिन संस्थेत काम करत होत्या, आणि इथल्या गिरणीत काम करणाऱ्या गरीब गरोदर बायकांना जो भयंकर रक्तक्षय व्हायचा त्याचं कारण शोधत होत्या. त्यांनी बायकांचं खाणं तपासलं, माकडांवर प्रयोग केले, आणि शेवटी यीस्टचा अर्क म्हणजे मार्माइट दिल्यावर या बायका झपाट्याने बऱ्या होताना दिसल्या, १९३१ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. त्या अर्कात जे होतं ते पुढे फोलेट म्हणून ओळखलं गेलं. आज जगभर गरोदर बायकांना फॉलिक ॲसिड, म्हणजे गोळीतलं फोलेट, देतात त्याची सुरुवात मुंबईच्या कामगार बायकांपासून झाली, हे आपल्याला शाळेत कोणी सांगितलं नाही याचं मला वाईट वाटतं.

फोलेट हिरव्या पालेभाज्या, हरभरा, चवळी, मूग, शेंगदाणे यात भरपूर. पण भाजी चिरून मग धुतली आणि भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकलं तर बरंचसं त्या पाण्यासोबत जातं, म्हणून आधी धुवा, मग चिरा, झाकण ठेवून थोडक्यात शिजवा. मूल हवं असेल तर फॉलिक ॲसिडची गोळी दिवस राहण्याच्या आधीपासून घ्यायची असते, कारण बाळाच्या मणक्याची नळी पहिल्या २८ दिवसांतच बंद होते, तोवर बऱ्याच जणींना दिवस राहिलेत हेही कळलेलं नसतं.

बी-१२ चं गणित वेगळंच. हे ना झाडात बनतं ना प्राण्यात, ते फक्त बॅक्टेरिया बनवतात आणि आपल्याला मिळतं ते दूध-दही, अंडी, मासे, मांस यातून. पालेभाज्या, कडधान्य, फळं, सुकामेवा, यात कशातच भरवशाचं बी-१२ नाही. स्पिरुलिनामध्ये असतं असं सांगून विकतात, पण ते बहुतांश आपल्या शरीराला न चालणारं रूप असतं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या टीमने यावर कित्येक वर्षं काम केलंय, त्यांच्या २००६ मधल्या अभ्यासात पुणे आणि आसपासच्या पुरुषांपैकी जवळपास तीनात दोघांचं बी-१२ कमी निघालं, आणि गंमत नाही, शहरी मध्यमवर्गात सगळ्यात जास्त. म्हणजे खायला-प्यायला कमी नसलेल्या घरांत. त्यांच्याच पुढच्या अभ्यासात असं दिसलं की गरोदरपणात आईचं बी-१२ कमी आणि फोलेट जास्त असेल तर मुलांमध्ये वयाच्या सहाव्या वर्षीच इन्सुलिन नीट काम न करण्याची लक्षणं जास्त दिसतात.

शरीर लिव्हरमध्ये बी-१२ चा काही वर्षांचा साठा ठेवतं म्हणून कमतरता हळूहळू येते आणि लक्षात यायला उशीर होतो. तळपायाला मुंग्या, जळजळ, चालताना तोल जाणं, जीभ लाल होऊन सोलवटणं, विसरभोळेपणा, चिडचिड. घरातले म्हणतात वय झालं. यातलं नसांचं नुकसान फार काळ राहिलं तर पूर्ण भरून येत नाही, म्हणून आई-वडिलांनी मुंग्यांची तक्रार केली की आधी बी-१२ तपासा. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणारे आणि वर्षानुवर्षं ॲसिडिटीची गोळी घेणारे यांनी तर नक्कीच, कारण दोन्हींमुळे बी-१२ कमी शोषलं जातं. आणि एक मेख अशी आहे की बी-१२ कमी असताना फॉलिक ॲसिडने रक्तक्षय सुधारल्यासारखा दिसतो पण नसा मात्र बिघडत राहतात. तसंच लोहाच्या कमतरतेत लाल पेशी लहान होतात आणि बी-१२ च्या कमतरतेत मोठ्या, दोन्ही एकदम असेल तर रक्तपेशींच्या नेहमीच्या तपासणीत, म्हणजे सीबीसीमध्ये, पेशींची सरासरी साइज नॉर्मल दिसू शकते, रिपोर्ट बघून वाटतं सगळं ठीक. शाकाहारी असाल तर दिवसातून दूध-दही-ताक मिळून दोन-तीन वाट्या तरी ठेवा आणि तरी कमी निघालं तर डॉक्टरांना विचारून गोळी किंवा इंजेक्शन घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

कॅल्शियमसाठी नाचणीचं नाव सगळे घेतात आणि ते खरं आहे, १०० ग्रॅमला साधारण ३५० मिलिग्रॅम, म्हणजे तेवढ्याच दुधाच्या जवळजवळ तिप्पट, प्रौढ माणसाला दिवसाला लागतं १०००. पण इथेही फायटेट आहे, म्हणून मोड आणून केलेलं नाचणीसत्त्व किंवा आंबील जास्त चांगली. साल असलेले तीळ उत्तम, पांढरेशुभ्र पॉलिश केलेले तेवढे नाहीत. पालकात कॅल्शियम दिसायला भरपूर पण त्यातल्या ऑक्झॅलेटमुळे शंभरात पाचच्या आसपासच शोषलं जातं, म्हणजे पालक पनीरमधलं कॅल्शियम खरं तर पनीरचं. शेवग्याचा पाला त्याबाबत बराच बरा.

आणि हे सगळं आत घ्यायला लागतं व्हिटॅमिन डी. सकाळचं सातचं कोवळं ऊन घ्या असं आपल्याकडे सांगतात, ते छान वाटतं पण डी बनवणारे किरण त्या वेळी जवळजवळ नसतात. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लहान असेल तेव्हाचं ऊन कामाचं, साधारण अकरा ते तीन, हात-पाय उघडे ठेवून, भाजून न घेता. काचेतून ते किरण येत नाहीत, गाडीत किंवा खिडकीत बसून उपयोग नाही. सावळ्या त्वचेला गोऱ्या त्वचेपेक्षा जास्त वेळ लागतो. खाण्यात डी फार थोड्या गोष्टींत आहे, चरबीयुक्त मासे जसं बांगडा आणि तारली, अंड्याचा पिवळा बलक, फोर्टिफाइड म्हणजे वरून डी मिसळलेलं दूध. कमी निघालं तर डॉक्टर ६०,००० युनिटचं सॅशे आठवड्याला एक असं काही आठवडे देतात. काही आठवडे, हे नीट ऐका. लोक ते वर्षभर चालू ठेवतात, कोणी रोज घेतं, मग रक्तातलं कॅल्शियम वाढून उलट्या, बद्धकोष्ठता, सतत तहान आणि किडनीला त्रास, अशा केसेस होतात.

व्हिटॅमिन ए डोळ्यांसाठी हे माहीत असतं, ते कमी पडलं तर रातांधळेपणा येतो आणि मुलांची इन्फेक्शनशी लढायची ताकद कमी होते. गाजर, लाल भोपळा, आंबा, पपई, हिरव्या पालेभाज्या. पण यातलं कॅरोटीन, ज्यापासून शरीर ए बनवतं, ते तेला-तुपाशिवाय नीट शोषलं जात नाही, म्हणून बिनतेलाची उकडलेली भाजी खाऊन फार मिळत नाही, चमचाभर फोडणी हवीच.

कोकणात आणि गोव्यात उकड्या तांदळाची पेज खातात, त्यात बी-१ टिकून राहतं, कारण भात सालासकट उकडताना ते दाण्याच्या आत शिरतं आणि मग सडला तरी सगळं जात नाही. पांढऱ्याशुभ्र पॉलिशच्या तांदळात ते कोंड्यासोबत निघून जातं. मला वाटतं पेजेला गरिबाचं खाणं समजणं आता थांबायला हवं.

आयोडीनबद्दल सध्या काळजी वाटते कारण घरोघरी सैंधव, गुलाबी मीठ, खडेमीठ आलंय. यात वरून आयोडीन मिसळलेलं नसेल तर ते जवळजवळ नसतंच. आयोडीन थायरॉइडला लागतं आणि गरोदरपणात ते कमी पडलं तर बाळाच्या मेंदूची वाढ कायमची मागे राहू शकते, इतकं हे गंभीर आहे. हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी आयोडीनयुक्त मीठ देऊन गलगंड कमी होतो हे दाखवलं, त्यावरच पुढे देशाचा कार्यक्रम उभा राहिला. सैंधव उपवासाला वापरा, रोजच्या स्वयंपाकाला आयोडीनयुक्तच, दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत, झाकणाच्या बरणीत आणि गॅसपासून लांब.

झिंक कडधान्य, शेंगदाणे, भोपळ्याच्या बिया, मांस-अंडी यातून मिळतं आणि मुलांना जुलाब झाले की ओआरएससोबत झिंकची गोळी १४ दिवस देतात, जुलाब थांबले तरी कोर्स पूर्ण करायचा. व्हिटॅमिन के पालेभाज्यांत भरपूर, रक्त गोठायला लागतं, नवजात बाळाला जन्मल्याबरोबर त्याचं इंजेक्शन देतात ते टाळू नका. हृदयाच्या झडपेसाठी वॉरफेरिन हे रक्त गोठू न देणारं औषध चालू असेल तर पालेभाजी रोज साधारण सारखीच खा, एकदम वाढवू किंवा बंद करू नका.

शेवटी केसांसाठीच्या त्या बायोटिनच्या गोळ्या आणि गमीज. बायोटिन म्हणजे बी-७, रोज लागतं फक्त तीस-चाळीस मायक्रोग्रॅम आणि अंडी, दाणे, डाळी यातून ते मिळून जातं, कमतरता फार क्वचित होते. या गोळ्यांत मात्र ५ किंवा १० मिलिग्रॅम असतं, म्हणजे शेकडो पट. केस लोह किंवा थायरॉइडमुळे गळत असतील तर त्याने फरक पडत नाही, वर एवढ्या बायोटिनमुळे थायरॉइडच्या आणि हार्ट अटॅकसाठी करतात त्या ट्रोपोनिनच्या तपासणीचे रिपोर्ट चुकीचे येऊ शकतात. तुम्ही घेत असाल तर रक्त द्यायच्या आधी डॉक्टरांना आणि लॅबवाल्यांना सांगा, आणि किती दिवस आधी बंद करायचं ते त्यांनाच विचारा.